फणी, भाकरी आणि ७५ टक्के

सोडियमच्या दिव्याच्या उजेडात दोन पिवळ्या रेघा असतात. एक ५८९.० नॅनोमीटरची, दुसरी ५८९.६ ची. बी.एस्सी.च्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. घोळ पुढे होतो. तोच पोरगा प्रॅक्टिकलला स्पेक्ट्रोमीटरसमोर बसतो, ग्रेटिंग, म्हणजे बारीक समांतर रेघांची पट्टी, लावतो, चकतीवरचे अंश-मिनिटं वाचतो, गणित मांडतो आणि उत्तर येतं ६१२. मग तो इकडेतिकडे बघतो, खोडरबर काढतो आणि कोनाचे आकडे उलटीकडून बसवत आणतो. अगदी ५८९ आणत नाही, तेवढं व्यवहारज्ञान त्याला असतं. ५९१ आणतो. त्रुटी ०.३ टक्के. दहापैकी नऊ.

सोलापुरात मी पदार्थविज्ञान शिकवायला लागलो त्याला तेवीस वर्षं झाली. एवढ्या काळात ६१२ हे उत्तर जर्नलमध्ये तसंच ठेवून "सर, असं का आलं असेल?" म्हणत माझ्याकडे आलेली मुलं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्या वेळी मीही ५९० आणलं होतं. ज्या प्रयोगाचं उत्तर एक्स्टर्नलपासून शिपायापर्यंत सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, तिथं खरं लिहिणाऱ्याचे मार्क जातात. पोरं वेडी नाहीत.

म्हणून नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीला चौथं वर्ष जोडलं आणि त्यात संशोधनाची वाट ठेवली, तेव्हा स्टाफरूममध्ये बहुतेकांनी कपाळाला हात लावला तरी मला बरं वाटलं होतं. मग अट वाचली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे 'संशोधनासह ऑनर्स' घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. म्हणजे सहा सत्रं ज्यानं इमानेइतबारे ५९१ आणलं त्याला आत घ्यायचं आणि ज्यानं ६१२ राहू दिलं त्याला दारातून परत पाठवायचं. संशोधनासाठी माणसं निवडायची याहून उलटी चाळणी मला तरी सुचत नाही.

ग्रेटिंगची जन्मकथा मी दरवर्षी वर्गात सांगतो. १७८० च्या दशकात फिलाडेल्फियात फ्रान्सिस हॉपकिन्सन नावाचे गृहस्थ एका संध्याकाळी दारात बसले होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. बसल्या बसल्या त्यांनी खिशातला रेशमी रुमाल दोन्ही हातांत ताणून धरला आणि त्यातून रस्त्यावरचा दिवा पाहिला. काळे पट्टे दिसले. ते धागेच असतील म्हणून रुमाल डावी-उजवीकडे हलवला, तर पट्टे जागचे हलेनात. त्यांनी डेव्हिड रिटनहाउस या घड्याळं आणि दुर्बिणी बनवणाऱ्या मित्राला पत्र लिहून कारण विचारलं. रिटनहाउस यांनी बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंवर केस समांतर ताणून बसवले, त्यातून प्रकाश पाहिला आणि १७८६ मध्ये उत्तर छापलं. पुस्तकात ज्याला विवर्तन जालक म्हणतात ते हेच. हॉपकिन्सन यांना भौतिकशास्त्रात किती मार्क होते, याची नोंद नाही.

हा प्रयोग आज रात्री कुणीही करून पाहावा. सोलापुरी चादर नको, ती जाड. पातळ रेशमी ओढणी किंवा छत्रीचं कापड घ्या आणि लांबच्या दिव्याकडे बघा. दिव्याभोवती ठिपक्यांचा क्रॉस दिसेल, आणि कापड हलवलं तरी तो हलणार नाही.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमागावर होते. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही म्हणून तिथं हातवाऱ्यांची भाषा. मागाला फणी असते, पोलादी पात्यांचा लांब कंगवा. तिच्या फटींतून ताण्याचे धागे ओवलेले असतात. धोटा आडवा धागा टाकून गेला की फणी पुढे येऊन तो ठोकून बसवते. फणीचा एक दात केसभर वाकला तर ठाणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उभी रेघ पडते. वडील गुंडाळत येणाऱ्या कापडावर नुसता तळहात फिरवायचे आणि मान हलवायचे. डोळ्यांना काही दिसायच्या आत त्यांच्या हाताला ती रेघ लागलेली असायची. ते सातवी शिकलेले होते.

ग्रेटिंग म्हणजे प्रकाशाची फणी, आणि तिचे आजारही तेच. बाल्टिमोरच्या हेन्री रोलंड यांनी १८८२ च्या सुमारास धातूवर हजारो समांतर रेघा ओढणारं यंत्र तयार केलं. त्या यंत्राच्या स्क्रूमध्ये किंचित जरी चूक राहिली आणि ती ठरावीक अंतरानं परत परत येत गेली, तर वर्णपटात नसलेल्या रेघा दिसू लागतात. त्यांना आजही 'रोलंडची भुतं' म्हणतात. कापडातली रेघ गिऱ्हाईक परत तरी करतं. वर्णपटातलं भूत नवं मूलद्रव्य म्हणून छापूनही येऊ शकतं.

आमच्या प्रयोगशाळेतल्या ग्रेटिंगला इंचाला १५,००० रेघा असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला तेवढ्या पुरतात. पण धगधगत्या वायूतून, कृष्णविवराच्या काठावरून येणारे क्ष-किरण त्याहून शेकडो पटींनी आखूड लांबीचे. वातावरण ते शोषून घेतं, त्यामुळे दुर्बीण वर पाठवावी लागते आणि फणीही फार बारीक लागते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची 'चंद्रा' ही दुर्बीण २३ जुलै १९९९ रोजी आकाशात गेली. तिच्यात सोन्याच्या दातांचे इंच-इंच आकाराचे ३३६ तुकडे आहेत. काहींत दातापासून दातापर्यंतचं अंतर ०.४ मायक्रॉन, काहींत ०.२. एका केसाच्या जाडीत अशा पावणेचारशे रेघा बसतात. हे दात सुईनं ओढलेले नाहीत. दोन लेझर शलाका एकमेकींवर टाकून त्यांच्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांचा साचा घेतला आणि त्यात सोनं भरलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत हे काम झालं.

सव्वा नॅनोमीटरचा क्ष-किरण या ०.२ मायक्रॉनच्या फणीतून गेला की जेमतेम एक तृतीयांश अंशानं वळतो आणि साडेआठ मीटर पुढे पाचेक सेंटीमीटर बाजूला पडतो. गणित दुसऱ्या वर्षाच्याच सूत्राचं आहे. फळ्यावर करून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरचे मोबाईल खाली जातात. एकदा मागून आवाज आला, "सर, म्हणजे हे आपल्या फणीचंच काम की." तो मुलगा मागवाल्याच्या घरचा. त्याला सहा सत्रांत किती टक्के पडले ते सांगत नाही, पण ७५ नव्हते.

अशा फणीचं काय करतात? विश्वाच्या सुरुवातीला जेवढं साधं द्रव्य तयार झालं असणार असा हिशेब लागतो, त्यातला साधारण तिसरा हिस्सा आसपास सापडत नव्हता. आकाशगंगांच्या मधल्या तप्त, विरळ वायूत तो असणार, असा तर्क होता. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीचं ग्रेटिंग २०१५ ते २०१७ या काळात दूरच्या एका आकाशगंगेच्या झगझगीत केंद्राकडे सगळे मिळून अठरा दिवस रोखलं गेलं. त्या उजेडात ऑक्सिजननं गिळलेल्या दोन बारीक जागा मिळाल्या. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि त्यावर पुढे वादही झाला. मला यातले अठरा दिवस महत्त्वाचे वाटतात. दोन बारीक खाचांसाठी अठरा दिवस, आणि त्या मिळाल्यावरही हुज्जत. आमचं प्रॅक्टिकल तीन तासांचं, हजेरी आणि जर्नलवरची सही धरून.

हे मी स्टाफरूममध्ये बोललो, तर प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचे अठरा, आमचे एकवीस." त्या आतड्याच्या पेशींबद्दल बोलत होत्या. एका रुग्णाच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीतून १९७० च्या दशकात वेगळ्या काढलेल्या काको-२ नावाच्या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवतात. सच्छिद्र पडद्यावर त्यांना एकवीस दिवस सांभाळलं की त्या लहान आतड्याच्या अस्तरासारखा एकपदरी थर करतात, एकमेकींना घट्ट चिकटलेला. वरच्या बाजूला अन्नातलं प्रथिन सोडायचं आणि खालच्या बाजूला काय उतरतं ते पाहायचं. थर कुठं उसवला नाही ना, हे विजेचा रोध मोजून कळतं. म्हणजे शेवटी आमचा ओहमच.

आपल्याही पोटात हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं आणि तीन-पाच दिवसांत नवं येतं. त्याच्या अलीकडे कालची भाकरी, पलीकडे रक्त. ते पसरलं तर टेनिसच्या मैदानाएवढं होईल, असं मी शाळेत शिकलो आणि अजून मुलं शिकतात. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या दोघांनी पुन्हा नीट मोजलं, तर पचनमार्गाचं सगळं अस्तर मिळून ३२ चौरस मीटरच्या आसपास भरलं. साडेतीनशे चौरस फूट. पूर्व भागातल्या दोन खोल्या. सगळ्यांना ठाऊक असलेलं उत्तर इतकी वर्षं कुणी नीट पडताळून पाहिलं नाही.

शेंगदाण्याचंही तसंच. शेंगांची चटणी हा ज्या गावाचा अभिमान आहे त्यानं ही गोष्ट लक्षात ठेवावी. शेंगदाण्यातली काही प्रथिनं पोटातल्या पाचक रसांना दाद देत नाहीत, बऱ्याच अंशी शाबूत आतड्यापर्यंत पोचतात आणि काहींच्या शरीराला ती शत्रू वाटतात. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० मध्ये सल्ला दिला की ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त आहे त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. सल्ला अगदी तर्काला धरून. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की इस्रायलमधली बाळं शेंगदाण्याचे कुरमुरीत खाऊ लहानपणापासून खातात आणि त्यांच्यात ही ॲलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांपेक्षा खूपच कमी आहे. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. २०१५ मध्ये ६४० बाळांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. लवकर शेंगदाणा खाऊ लागलेल्यांत ॲलर्जी ८१ टक्क्यांनी कमी. (हे वाचून घरच्या तान्ह्याला चटणी चाटवायला जाऊ नका, डॉक्टरांना विचारा.)

आता ज्वारी. तिच्यातल्या मुख्य प्रथिनाचं नाव काफिरिन. ते पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यात शिजवलं की त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींत आणखी गुंततात, त्यामुळे पाचक रसाला ते तोडायला जड जातं. १९८१ मध्ये पेरूमधल्या लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या ज्वारीच्या पेजेतलं निम्म्याहून कमी प्रथिन अंगी लागल्याचं दिसलं होतं. पुढे सुदानमधल्या आंबवलेल्या ज्वारीच्या पदार्थांत परिस्थिती बरीच सुधारते, हेही दिसलं. पेज झाली, आंबवलेलं झालं. आमची भाकरी? आणि आमची कडक भाकरी, जी तव्यावरून उतरल्यावर मंद आचेवर तासन्‌तास सुकत राहते आणि महिनाभर टिकते, तिच्यातल्या काफिरिनचं काय होतं?

हा प्रश्न माझा नाही. मंगळवेढ्याकडच्या एका गावातून रोज एसटीनं येणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीचा आहे. मॅडमनी काफिरिन शिकवलं तेव्हा ती म्हणाली, "पाण्यानं ते घट्ट होतं म्हणता, मग कडक भाकरीतलं पाणी तर आपण उडवूनच टाकतो. तिथं कसं?" मॅडमना उत्तर येईना. शिक्षकाला उत्तर न येणं ही आमच्याकडे नामुष्की समजतात. मॅडमनी तिला पेप्सिन या जठरातल्या पाचक द्रव्याची बाटली, पाण्याची ऊबदार टाकी, पीएच मीटर आणि कलरीमीटर दिला. जठरासाठी ३७ अंश, पीएच ३, दोन तास. तेवढीच पद्धत जगभर मान्य आहे, आणि तेवढी सामग्री आमच्याकडे आहे.

काको-२ आमच्याकडे नाहीत आणि त्या सोलापूरच्या कॉलेजात वाढवू, अशा बाता मी मारणार नाही. एकवीस दिवस कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर अखंड चालवायचा म्हणजे वीज कंपनीवर फारच भरवसा ठेवावा लागेल. पण अशा पेशींचं राष्ट्रीय भांडार पुण्यात आहे. इथं पचवलेला नमुना बर्फात घालून हुतात्मा एक्स्प्रेसनं न्यायला काय हरकत आहे? क्ष-किरणांचं ग्रेटिंगही आम्ही बनवणार नाही. पण 'चंद्रा' दुर्बिणीची निरीक्षणं ठरावीक काळानंतर जगाला खुली होतात, भारताच्या २०१५ मध्ये गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीचीही होतात, आणि ती कशी वापरायची ते सांगणारं केंद्र पुन्हा पुण्यातच, आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत आहे. लॅपटॉप आणि चिकाटी लागते. सोलापुरात दोन्ही मिळतात.

तालुक्याच्या गावी संशोधन होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आमच्याच जिल्ह्यातलं मोहोळ आठवावं. ज्या मालदांडी ३५-१ च्या भाकरीवर हा जिल्हा पोसला, ती जात १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेली. कणसामागून कणसं पाहत कुणीतरी उन्हात उभं राहिलं असणार, आणि उत्तर त्याला माहीत नव्हतं.

माझे मित्र म्हणतात, अट काढली तर दर्जा घसरेल. कुठला दर्जा? कॉलेजाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्ट तयार मिळतो, नाव आणि रोल नंबर बदलून, स्पायरल बाइंडिंगसकट. मी परीक्षक म्हणून एका वर्षी तोच प्रोजेक्ट तीन वेगवेगळ्या नावांनी तपासला आहे, तिन्हींत सातव्या पानावर तीच चूक. तिघांनाही चांगले मार्क पडले. त्यातलं एक माझ्या सहीनं, हे कबूल करतो. निवड करायचीच असेल तर मुलाची प्रयोगवही मागवा. खोडलेलं किती आणि राहू दिलेलं किती, दहा मिनिटांत कळतं. सोबत एक तोंडी: तुझं कुठलं उत्तर चुकलं होतं आणि तू त्याचं काय केलंस?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. सोलापूरला नोकऱ्या हव्यात. गिरण्या गेल्या, माग थंडावले, पोरं पुण्याला जातात, आणि तुम्ही आकाशातल्या फण्या सांगता. बरोबर. पण ही पोरं जातात कुठं? साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये, टॉवेलचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये. तिथं मशीननं ६१२ दाखवलं आणि साहेबाला ५९१ हवं असेल, तर काय करायचं हे आम्ही त्यांना तीन वर्षं शिकवून पाठवलेलं असतं. तुमच्या आईची साखर तपासणारा मुलगा माझाच विद्यार्थी असू शकतो.

तिसऱ्या आक्षेपापुढे मी हात टेकतो. पैसा आणि माणसं. देश संशोधनावर सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे पाच वर्षांचे ५०,००० कोटी जाहीर झाले, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून येईल, या आशेवर. इथं माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा नेट-सेट होऊन, पीएच.डी. करून तासिका तत्त्वावर शिकवतो आणि पगार कधी होईल ते त्याला माहीत नसतं. त्याला सांगा, चार मुलांना वर्षभर संशोधन करायला लाव. तो लावेल, मी ओळखतो त्याला. पण सांगणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. ७५ ची अट काढायला मात्र एक रुपया लागत नाही, म्हणून मी तिथून सुरुवात करतो.

त्या मुलीनं दोनदा प्रयोग केला. पहिल्यांदा मऊ भाकरी जास्त पचली. दुसऱ्यांदा कडक. तिनं दोन्ही आकडे पेननं लिहिले, खाली तारीख टाकली आणि शेजारी प्रश्नचिन्ह. पीठ वेगळ्या गिरणीतलं होतं का, भाकरी किती दिवसांची होती, हे तिनं बाजूला पेन्सिलीनं लिहिलं आहे. तिसऱ्यांदा करायचं ठरलं होतं, तेवढ्यात सहाव्या सत्राची परीक्षा आली. तिला ६८ टक्के पडले. वही मॅडमच्या कपाटात आहे. तिसऱ्या खेपेसाठी आखलेला तक्ता कोरा आहे, आणि कडक भाकरीचा डबा तिनं परत नेलेला नाही.